गीताबाईचं बोट आणि पाचशे दिवसांचा डबा

तो डबा अजून आमच्या मागच्या दाराशी, झाडूच्या बाजूला पडलेला आहे. स्टीलचा, जाड पत्र्याचा, दोन किलो साखर सहज मावेल एवढा. झाकणावर मशीननं कोरलंय : 'पाचशे दिवस – शून्य इन्जुरी'. दुसरं कुठलं भांडं असतं तर मी केव्हाच घासूनपुसून फळीवर ठेवलं असतं. याला हात लावला की शिसारी येते. माझ्या लेकीचे, अपेक्षाचे पप्पा म्हणतात, भंगारात दे. पण भंगारवाला तो कुणाला तरी विकंल, ती बाई त्यात पोळ्या ठेवील आणि लेकरं त्यातनं खातील. तेही मला सहन होत नाही. म्हणून पडून आहे.

डबा माझा नाही, गीताबाईचा. ती म्हणाली, "ताई, माझ्या घरात नको. झाकण दिसलं की जेवण उतरत नाय." मग मी ठेवून घेतला.

गीताबाई आमच्या गल्लीत, मुकुंदवाडीत, आमच्यापासून चौथ्या घरात राहते. सत्तेचाळिशीला आली असंल. माहेर-सासर दोन्ही फुलंब्रीकडचं. नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, त्याला जाऊन चौदा वर्षं झाली. एक मुलगी तनुजा, ती जालन्याला दिलेली. म्हणजे बाई एकटी. पण तिची कीव करायची कुणाची हिंमत नव्हती. उंचीनं माझ्या खांद्याला लागते आणि आवाज मात्र रेल्वे स्टेशनापर्यंत जातो. आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यातनं एकदा, कधी दहा दिवसांनी. आलं की पहिली आरोळी तिची : "उठा गं महाराण्यांनो, गोदामाय दारात आली!" कुणाची मोटर बंद पडली, कुणाचं लेकरू आजारी, कुणाच्या सासूनं भांडण काढलं, सगळीकडं ही पुढं.

आणि तिचे हात. मी ते वर्षानुवर्षं बघत आले. दर पौर्णिमेला विहारात तथागतांना आणि बाबासाहेबांना जो हार चढायचा, तो गीताबाईच्या हातचा. सुई नाही. नुसता दोरा, शेवंतीची फुलं आणि उजव्या हाताची दोन बोटं. फूल धरलं, दोरा फिरवला, गाठ बसली. गप्पा मारता मारता हातभर हार व्हायचा. मी एकदा करायला बसले तर फुलं गळून दोराच उरला. ती म्हणाली, "ताई, तुमी अक्षरं ओवा. फुलं माझ्याकडं राहू द्या."

अक्षरांचं खरं होतं. माझं शिक्षण दहावीच, पण अक्षर चांगलं. गल्लीतले अर्ज, तक्रारी, रेशनच्या चिठ्ठ्या माझ्याकडंच लिहायला येतात. रोजची वही लिहायचीही सवय आहे, लग्नाच्या आधीपासून. गीताबाईला सही मीच शिकवली. रविवारची वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचो. दोन महिने लागले. 'गी'ची वेलांटी ती उलटीच काढायची. जमलं त्या दिवशी तिनं गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सही करून दाखवली, पेपरावर, वहीवर, माझ्या भिंतीवर सुद्धा. भिंतीवरची अजून आहे.

कामाला ती शेंद्र्याच्या एका कंपनीत, नऊ वर्षं. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाड्यांना लागणारे लोखंडी भाग तिथं प्रेसवर दाबून काढतात. गीताबाई प्रेसवर. कंपनीची नव्हे, ठेकेदाराची माणूस. ठेकेदार काकासाहेब, त्याच भागातला, जमीन एमआयडीसीत गेली तेव्हापासून माणसं पुरवतो. पांढरे बूट, पांढरी गाडी, सगळ्या बायांना 'मावशी' म्हणणार.

त्या कंपनीत गेटातनं आत गेलं की डाव्या हाताला मोठा हिरवा बोर्ड. त्यावर रोज सकाळी आकडा बदलतात. इतके दिवस झाले, कुणाला इन्जुरी नाही. गीताबाईनंच मला विचारलं होतं, "ताई, इन्जुरी म्हंजी काय वं?"

"इजा. लागणं."

"मग तसं लिव्हायला काय झालं? आमाला बी कळलं असतं."

पण आकडे तिला येत होते, आणि त्या आकड्याचं तिला कौतुक होतं. संध्याकाळी ओट्यावर बसली की सांगायची, आज तीनशे नव्वद, आज चारशे बारा. नवरे लोक क्रिकेटचा स्कोअर सांगतात तसा. पाचशे झाले की सगळ्यांना भेट मिळणार होती.

एकदा तिनं हसत हसत सांगितलेलं मला आठवतं. एका परप्रांतीय माणसाच्या पायावर पत्र्याची थप्पी पडली. त्याला गाडीत घालून मागच्या गेटानं नेलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर आकडा एकानं वाढला.

"असं कसं?" मी म्हणाले.

"ती इन्जुरी नव्हती म्हणं. फस्टेड व्हती, नुसती मलमपट्टी." आणि ती हसली. मीही हसले. तेव्हा मला किळस आली नाही. हे लिहून ठेवते, कारण नंतर आलेली किळस फार मोठी आहे आणि ती आधी का आली नाही, हे मला स्वतःला विचारायचं आहे.

त्या मंगळवारचं पान माझ्या वहीत असं आहे : 'पाणी आलं, सहा वाजता. गीताबाई बसला जाताना दारातून ओरडली, माझी टाकी भरून ठेवा. दोन्ही हातांतले दोन हंडे माझ्या दारात ठेवून पळाली.' दुपारचं पुढं लिहिलंय, पण ते दुसऱ्या पेनानं.

दीड वाजता पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. गीताबाई उतरली. उजवा हात छातीशी धरलेला, पट्टी एवढी मोठी की कोबीचा गड्डा बांधलाय वाटावं. तोंडाचा रंग गेलेला. मी धावले. माझ्या घरात नेऊन बसवलं, पाणी पाजलं, तेव्हा म्हणाली, "टाकी भरली का?"

मग हळूहळू कळलं. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा भाग खाली येतो. हात आत राहू नयेत म्हणून ती युक्ती. पण दोन्ही हात गुंतले की पत्रा ठेवायला, काढायला वेळ जातो आणि तासाचा माल कमी पडतो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवतात. ते कायमचं दाबलेलं राहतं. एक हात बटणावर, एक हात पत्र्याला. तिथल्या सगळ्या बाया तसंच करतात. पाचर सुपरवायझर स्वतः आणून देतो. साहेब लोक पाहणीला आले की काढायची, गेले की पुन्हा मारायची.

"साडेअकराला झालं," ती म्हणाली. "पत्रा तिरपा बसला, म्हणून म्या बोटानं सरकवला. डावा हात बटनावर व्हता. माझाच हात, ताई. माझ्याच हातानं माझाच हात."

उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून गेली. मधल्या बोटाचं टोक गेलं.

कंपनीजवळच्या कुठल्याशा खासगी डॉक्टरकडं काकासाहेबानं तिला मागच्या गेटानं काढून नेलं होतं. त्या डॉक्टरचा कागद इंग्रजीत. कॉलेजातनं आल्यावर अपेक्षानं वाचला. "मम्मी, क्रश इन्जुरी लिहिलंय. म्हणजे चिरडल्याची इजा." मग खाली वाचून ती थांबली. "आणि इथं लिहिलंय, घरी झाली, विळीवर."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत असतानाच काकासाहेब आला. पाच वाजले असतील. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, एका हातात सफरचंदं. दारातच म्हणाला, "जय भीम, ताई." नऊ वर्षांत कितीदा या गल्लीत आला, हा शब्द त्याच्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडला. त्या क्षणीच मी सावध व्हायला पाहिजे होतं. मी चहा ठेवला.

"मावशी, टेन्शन घ्यायचं नाय," तो गीताबाईला म्हणाला. "म्या हाय ना. दवाखाना माझ्याकडं. बरी झाली की पॅकिंगला टाकतो. बसून काम. फॅनखाली."

त्यानं सफरचंदं तिच्या पुढ्यात ठेवली.

"फक्त एक छोटी गोष्ट. आज बोर्डावर किती हाय, माहिती?"

"चारशे त्र्याण्णव," गीताबाई म्हणाली. एवढ्या दुखण्यातसुद्धा तिला आकडा पाठ होता.

"बघा! सात दिवस राहिले. पुण्याहून मोठे साहेब येणार, मंडप सांगितलाय, सहाशे माणसाला भेट. आता एका बोटापायी समद्यांची भेट जायची. बाया काय म्हणतील तुमाला? बरं, पाचर कुणी मारली असं इचारलं तर सुपरवायझर तुमचंच नाव घेणार. मशीनशी छेडछाड. मग काम बी गेलं. म्हणून म्हणतो, घरी लागलं म्हणायचं. इळीवर. सकाळी भाजी कापताना. तुमी कामाला आल्याच नाय. मला फोन केला, म्या माणुसकीनं दवाखान्यात नेलं. झालं."

"पण काकासाहेब, ही इन्जुरी तर कंपनीतच—" अपेक्षा मधेच म्हणाली.

"पोरी, इन्जुरी कशाला म्हणायचं ते साहेब लोक ठरवतात. तू अभ्यास कर."

मग तो माझ्याकडं वळला. "ताई, तुमचं अक्षर मोत्यासारखं हाय म्हणतात. चार ओळी लिहून द्या."

मी गीताबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "लिव्हा, ताई. काम गेलं तर या हाताला कोण दुसरं काम देईल?"

मी लिहिलं. 'मी गीताबाई, राहणार मुकुंदवाडी, लिहून देते की आज सकाळी सहाच्या सुमारास राहत्या घरी भाजी चिरताना विळीवर माझ्या उजव्या हाताची बोटे कापली. त्यामुळे मी आज कामावर गेले नाही.' काकासाहेब सांगत होता, मी उतरवत होते. एका ठिकाणी त्याचं वाक्य अडखळलं तर मी सुधारून दिलं. खोट्याचं व्याकरण नीट करून दिलं मी! समास सोडला, तारीख टाकली, खाली रेघ मारली.

सही करायची वेळ आली. गीताबाईनं उजवा हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. काकासाहेबानं खिशातनं शाईची डबी काढली. बरोबर आणली होती त्यानं. घरनं निघतानाच त्याला माहीत होतं की या बाईला आता सही करता येणार नाही. तिचा डावा अंगठा धरून त्यानं तो शाईत बुडवला, कागदावर दाबला, आणि नंतर आमच्याच टॉवेलला त्याची स्वतःची बोटं पुसली. तो टॉवेल मी जाळला.

संध्याकाळी वंदनेला बसले. रोज पंचशील म्हणते, लहानपणापासून म्हणते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज पुढं जाईना. अपेक्षानं पुढचं एकटीनं म्हटलं. पोरीनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पेढे कुणी खाल्ले नाहीत. गीताबाईबरोबर तिच्या घरी गेलेला बॉक्स फळीवर तसाच राहिला. चौथ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या, काळ्याभोर.

सात दिवसांनी कंपनीत मंडप पडला. मंजुषा नावाची बाई त्याच बसनं जाते, गीताबाईच्या शेजारच्या प्रेसवर आहे. तिनं संध्याकाळी मोबाइलवर फोटो दाखवले. फुगे, रांगोळी, केक. केकवर इंग्रजीत तेच. मोठ्या साहेबानं भाषणात म्हटलं म्हणे, आपण एक कुटुंब आहोत. प्रत्येकाला डबा आणि दोन गुलाबजाम. गीताबाईचाही डबा काकासाहेबानं आठवणीनं पाठवला होता, मंजुषाच्या हाती.

"उघड की," मंजुषा म्हणाली.

गीताबाईनं डबा मांडीवर घेतला. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातानं झाकण निघेना. घट्ट बसलेलं. ती दाबत राहिली, फिरवत राहिली. मंजुषा पुढं झाली तर म्हणाली, "राहू दे." शेवटी दातांनी धरून झाकण उचकटलं. आत दोन गुलाबजाम, पाक सगळीकडं सांडलेला, चिकट. तुपकट वासाचा भपका आला. मला ओकारी आली. खरोखर आली, मी मोरीपर्यंत गेले.

त्या रात्री जेवताना अपेक्षाचे पप्पा मॅच बघत होते. कुणा खेळाडूच्या बोटाला काहीतरी झालं. चार माणसं मैदानात धावली, बोटाला फवारा मारला, पट्टी बांधली, सांगणारा तीन-तीनदा सांगत होता, इन्जुरी, इन्जुरी, किती आठवडे विश्रांती लागेल सांगता येत नाही. दहा कॅमेरे त्या बोटावर. मी ताट ठेवून उठले. अपेक्षाच्या शाळेच्या वेळची डिक्शनरी कपाटावर होती, ती काढून शब्द शोधला. इजा, दुखापत, हानी, अपाय. आणि सगळ्यात शेवटी, अन्याय. मी पुस्तक मिटून ठेवलं.

साडेतीन आठवड्यांनी टाके निघाले आणि गीताबाई कामावर गेली. पदर नीट खोचून, केसाला तेल लावून. पॅकिंगला जायचं म्हणून खूश होती. साडेआठलाच परत आली. रिक्षानं. तिनं रिक्षा केलेली मी कधी बघितली नव्हती.

माझ्या ओट्यावर बसली. बराच वेळ ती पट्टी निघालेल्या हाताकडं बघत होती. बोटाचं टोक गुळगुळीत, लालसर, सालपट काढलेल्या बटाट्यासारखं. मला बघवत नव्हतं आणि नजर हटवणंही बरं दिसेना.

"मशीन घेत नाय मला," ती म्हणाली.

"कुठलं मशीन?"

"हजेरीचं."

गेटवर हजेरीचं मशीन असतं. बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की आत. नऊ वर्षं ती उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवत आली. मशीनला तेवढंच बोट माहीत. तिनं सवयीनं हात पुढं केला आणि मग तिच्या ध्यानात आलं. तरी उरलेलं टोक ठेवून पाहिलं. लाल दिवा. पुन्हा लाल. मागं बायांची रांग. काकासाहेब तिथंच उभा होता, चहाचा कप हातात.

"त्यो काय म्हणला, सांगू? म्हणला, 'मावशी, बोट घरीच इसरली का?'"

मी तिच्या शेजारी टेकले.

"आन बाया हसल्या, ताई. मंजुषा बी हसली. वाईटानं नाय हसल्या. त्यांना बी भ्या वाटत असंल. पण हसल्या." तिनं पदर सारखा केला. "मग त्यो म्हणला, नवीन बोट घ्यायला ऑफिसातनं कागद लागतो, दोन म्हैनं लागतील. तवर घरी बसा."

मी आत गेले, तांब्या भरून आणला, तिच्या हातापायावर पाणी घातलं. काय करावं सुचेना म्हणून. आणि मग तिचा फोन वाजला. मेसेजचा टिंग.

"बघा बरं काय हाय. तनीचा हाय का?"

तिचे मेसेज मीच वाचते. तनुजाचा नव्हता. कंपनीचा होता : 'आज आपली हजेरी नोंदली नाही.' हे मेसेज तिला रोज येतात, आत गेल्याचा एक, बाहेर पडल्याचा एक. ती कधी उघडत नव्हती, सगळे तसेच साठलेले. मी सहज वर सरकवलं आणि जुन्यापासून वाचत खाली आले. शनिवार, आत सहा पन्नास, बाहेर तीन पाच. सोमवार, आत सहा एकावन्न, बाहेर तीन चार. आणि मंगळवार, तो मंगळवार. आत सहा बावन्न. बाहेर, काहीच नाही.

मी पुन्हा वाचलं.

"गीताबाई," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आत जाताना हजेरी लावली?"

"लावली की. लावल्याबिगर सोडत नाहीत."

"कुठल्या बोटानं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हाताकडं. मग हळूच म्हणाली, "त्याच्यानंच."

कागदावर माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं की ते बोट सकाळी सहाला मुकुंदवाडीत विळीवर कापलं गेलं आणि बाई कामावर गेलीच नाही. आणि कंपनीचंच मशीन सांगत होतं की ते बोट सहा बावन्नला शेंद्र्याच्या गेटातनं आत आलं आणि बाहेर गेल्याची नोंद नाही. काकासाहेबानं शाईची डबी आठवणीनं आणली होती, पण हजेरी कुठल्या बोटाची असते, हे विसरला.

"आपण कामगारांच्या दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. "खरं सांगू. मी लिहिलेलं खोटं होतं हे मीसुद्धा सांगेन."

"काम जाईल."

"हो. जाईल."

नळ कोरडा होता, गल्लीत आवाज नव्हता. ती उठली, घरी गेली आणि तो डबा घेऊन आली. "हे तुमच्याकडं ठिवा," म्हणाली. "आन उद्या किती वाजता जायचं, सांगा."

दवाखान्यात डॉक्टर मॅडम होत्या, वयानं लहान, चष्मा लावलेल्या. त्यांनी हात उलटा-सुलटा करून बघितला, जुना कागद वाचला. "विळीवर बोट चिरडतं का हो, आजी?"

"आजी नाय म्या," गीताबाई म्हणाली. "आन इळीवर नाय लागलं."

मग तिनं सगळं सांगितलं. पाचर, तिरपा पत्रा, मागचं गेट, चारशे त्र्याण्णव. मध्ये कुठं रडली नाही. मी फोन पुढं केला. मग माझी वही उघडून मंगळवारचं पान दाखवलं, दोन हंडे लिहिलेलं, आणि म्हणाले, तो अंगठ्याचा कागद माझ्या हातचा आहे, खोटा आहे. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण आदरही नव्हता. ते योग्यच होतं.

त्यांनी एक फॉर्म काढला. त्यात कामावर झालेल्या इन्जुरीसाठी वेगळा रकाना होता. तिथं त्यांनी खूण केली, खाली बरंच लिहिलं. "इथं अंगठा द्या."

"सही येते मला," गीताबाई म्हणाली.

"या हातानं कशी कराल? अंगठा चालतो."

"चालत आसंल. त्या कागदाला बी चालला." तिनं पेन डाव्या हातात घेतलं.

बाहेर रांग होती. शिपाई दोनदा डोकावून गेला. गीताबाई टेबलावर वाकून बसली, जीभ दातात धरून, पहिल्या दिवशी पाटीवर बसली होती तशी. 'गी'ची वेलांटी उलटी आली. तिनं ती खोडली, पुन्हा काढली. 'ता' ओळ सोडून खाली घसरला. 'बाई'ला जागाच उरली नाही, ती रेघेच्या खाली गेली. मॅडम घड्याळाकडं बघत होत्या. मग त्यांनी घड्याळाकडं बघायचं सोडलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. कंपनीला नोटीस गेली, सरकारी तपासणीस आले, पाचरी निघाल्या, प्रेस दोन दिवस बंद. काकासाहेबाचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला.

"मावशी, नऊ वर्षं सांभाळलं तुमाला. माझं मीठ खाऊन असं केलं?"

"काकासाहेब," गीताबाई म्हणाली, "तुमचा तर पेढा बी म्या खाल्ला नाय. मुंग्यांनी खाल्ला. त्यांना इचारा." आणि फोन माझ्या हातात दिला. बंद कसा करायचा ते तिला येत नव्हतं.

काम गेलं. कागद खरा झाला म्हणून दवाखाना चालू आहे, दर महिन्याला कायमचं काहीतरी मिळेल असं मॅडम म्हणतात. त्याला वेळ लागेल. गल्लीत मात्र चार घरच्या बाया आमच्याशी बोलत नाहीत. त्या त्याच कंपनीत आहेत. एकीनं पाण्याच्या रांगेत ऐकवलं, "साडेसातशे दिवसाला कुकर मिळणार व्हता. गेला हिच्यापायी." पाच लिटरचा, म्हणे. मी विचार करत राहिले की त्या कुकरवर काय कोरलं असतं, आणि आपल्या बायांनी तो चुलीवर चढवला असता, शिट्ट्या मोजल्या असत्या.

पौर्णिमेला विहारात गीताबाईनं हार करायला घेतला. डाव्या हातानं गाठ, उजव्या अंगठ्यानं दोरा दाबून. दुपारी बसली, संध्याकाळ झाली तरी वीतभरच झाला. तेवढाच चढवला. वंदनेला तिनं हात जोडले तेव्हा एका बाजूची बोटं वर उभी आणि समोर त्यांना टेकायला काही नाही. बाकी कुणी बघितलं नसेल. मी शेजारीच होते.

वंदना संपली. मंजुषा मागं भिंतीशी बसली होती. बऱ्याच दिवसांनी आली होती. निघताना गीताबाईनं तिला अडवलं.

"आता किती झालं गं बोर्डावर?"

"शून्य केला व्हता ना. आज एकवीस."

"खरे हायेत का एकवीस?"

मंजुषानं डावा हात पदराखाली घेतला. गीताबाईनं तो पदर बाजूला केला. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, मळकट, मधोमध काळी पडलेली.

"कधीचं?"

"काल. तितकं नाय लागलं. साहेब म्हणले, फस्टेड."

मला पुन्हा तीच मळमळ आली, मोरीपर्यंत नेणारी. या खेपेला मी जागची हलले नाही. गीताबाईनं मंजुषाचं मनगट धरलं, उरलेल्या तीन बोटांनी, घट्ट.

"ताईंकडं चल. सही येते का तुला?"

"येते."

"मग चल."

घरी आल्यावर मी वही उघडली. मंजुषाला पाणीही विचारलं नाही. आधी तारीख लिहिली, मग तिला म्हणाले, वेळ सांग.